गोळीचा कस

सोनाराचा जगात एकाच गोष्टीवर पुरता विश्वास होता, आणि ती म्हणजे त्याचा काटा. बायकोवरही होता, पण ती चहात साखर अंदाजाने घालायची, म्हणून काट्यापेक्षा थोडा कमी. काटा काचेच्या पेटीत असायचा. श्वासाचा वारा लागला तरी त्यावरचा आकडा हलायचा, म्हणून वजन करताना सोनार श्वास रोखायचा आणि समोरच्या गिऱ्हाइकालाही रोखायला लावायचा. एकदा एका जाड्या गृहस्थांना त्यात घेरी आली होती. पण वजन बिनचूक निघालं, त्यामुळे त्यांचीही तक्रार नव्हती.

असा हा काटेकोर माणूस मुळातच काळजीखोर, पण दोन वर्षांपूर्वी तो नको तितका घाबरायला लागला. कशाला, ते त्यालाही सांगता यायचं नाही. दुकानाला कुलूप लावून जिना चढून घरी यायचा आणि कुलूप लागलं ना, हे बघायला परत खाली उतरायचा. एका संध्याकाळी तो अकरा वेळा उतरला. मग छाती धडधडायला लागली. आता आपण जाणार, अशी खात्री पटून तो तीनदा हृदयाच्या दवाखान्यात जाऊन आला, आणि तिसऱ्यांदा तर तिथल्या आलेख काढणाऱ्यानं "काय, घरचे सगळे बरे ना?" म्हणून ओळखीचं हसून विचारलं. हृदय ठणठणीत होतं. पण हात थरथरायला लागले होते, आणि थरथरत्या हाताच्या सोनाराकडे दागिना कोण देणार?

मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं म्हटल्यावर तो आधी उखडला.

"मी काय वेडा आहे?"

"वेडे असतात तर बरं झालं असतं," बायको म्हणाली. "स्वतः झोपला असतात आणि मलाही झोपू दिलं असतंत."

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, पण या सोनाराचे कान शेवटी डॉक्टरीणबाईंना टोचावे लागले. त्यांनी दहा मिलीग्रॅमची एक पांढरी गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. सहा आठवड्यांत कुलूप एकदाच बघून भागायला लागलं. छाती गप्प झाली. हात तर असा स्थिर झाला की मोहरीएवढा हिरा चिमट्यात धरून तो गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागला. घरात सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, अर्थात काट्यापासून लांब उभं राहून.

मग एका रविवारी दुपारी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मी लग्न ठरवलंय."

मुलगा पूल बांधणारा इंजिनियर होता. नोकरी दूरच्या शहरात, गाडीने सबंध दिवसाची वाट. लेक तिकडेच जाणार होती. एकुलती एक लेक, सत्तावीस वर्षं ज्या घरात वाढली ते घर सोडून. सोनारानं सगळं नीट ऐकून घेतलं, घास गिळला आणि म्हणाला, "छान. मीठ दे जरा."

लेक उठून आत गेली. बायकोनं मिठाची वाटी अशी आदळली की मीठ सगळ्यांनाच मिळालं.

"पोटची पोर निघाली आणि तुम्हाला मीठ सुचतंय? माणूस आहात की पाटा?"

सोनार विचार करत बसला. त्यानं मनात खूप शोधलं. कुठेतरी हुंदका असेल, निदान घशाशी काहीतरी दाटलं असेल. पण काही म्हणजे काही नव्हतं. लेक जाणार हे त्याला कळत होतं, पण लागत नव्हतं. मग त्याला आठवलं की दोन वर्षांत आपण एकदाही रडलो नाही. थोरला भाऊ गेला तेव्हासुद्धा आपण तेराव्याला घातलेला मांडव किती फुटी आहे ते मोजत होतो. ही त्या गोळीचीच करामत, याबद्दल त्याला शंका राहिली नाही.

आणि पंचाईत इथेच होती. चाळीस दिवसांनी नोंदणी कचेरीत लग्न होतं. लेकीनं सांगून ठेवलं होतं की दोन्ही अंगठ्या बाबांच्याच हातच्या हव्यात, आणि तिच्या अंगठीत सात बारके हिरे. त्यासाठी हात स्थिर हवा, म्हणजे गोळी हवी. पण गोळी चालू राहिली तर लेक सही करून कायमची निघेल, आणि बाप भाड्याने आणलेल्या साक्षीदारासारखा कोरडा ठणठणीत उभा राहील. सोनाराला हातही हवा होता आणि डोळ्यात पाणीही. दोन्ही एका गोळीत बसत नव्हतं.

त्याच्या मनात गोळी सोडायचं घोळतंय, हे पहिल्यांदा मेहुण्याच्या लक्षात आलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला सर्वज्ञ म्हणत. तो रोज दुपारी चहाला यायचा आणि चहाच्या बदल्यात ज्ञान द्यायचा.

"भावोजी, काहीही करा, पण एकदम सोडू नका," सर्वज्ञ म्हणाला. "मी वाचलंय. एकदम सोडली की डोक्यात विजा चमकतात. चक्कर येते. आधी डॉक्टरांना विचारा."

"तू तर हेही वाचलं होतंस की दुधी भोपळ्यानं टक्कल जातं," बायको म्हणाली. भावाच्या डोक्याकडे बघितलं की त्या प्रयोगाचं काय झालं ते कळत होतं. ज्या माणसाचं बारा वर्षांत एकदाही खरं ठरलं नव्हतं, त्याचं तेराव्या वर्षी खरं ठरलं, आणि ते ऐकायला कुणी तयार नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना किंवा औषधवाल्याला विचारणं सोनाराच्या शिस्तीत बसत नव्हतं. माल देणाऱ्यालाच मालाबद्दल विचारायचं नसतं, हे त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. मालाला विचारायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर त्यानं श्वास रोखला आणि गोळी काट्यावर ठेवली.

काटा म्हणाला, एकशे तीस मिलीग्रॅम.

सोनारानं गोळी उचलली, पारडं पुसलं, वजनं लावून काटा तपासला आणि पुन्हा गोळी ठेवली. एकशे तीस. मग पाकिटातल्या सगळ्या गोळ्या एकेक करून झाल्या. एकशे एकोणतीस, एकशे एकतीस, एकशे तीस. पाकिटावर मात्र स्वच्छ छापलेलं, दहा मिलीग्रॅम.

सोनार मटकन खाली बसला. त्याच्या धंद्यात दहा लिहिलं की दहाच असावं लागतं, साडेदहा निघालं तरी माणूस तोंड दाखवू शकत नाही. आणि इथे दहाच्या जागी एकशे तीस! कारखान्यातलं यंत्र बिघडलेलं असणार आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसणार. म्हणजे दोन वर्षं आपण तेरापट औषध गिळतोय. मग डोळे आटतील नाही तर काय होईल? त्याला कारखान्याची कीव आली. एक साधा काटा घेऊन ठेवायला काय झालं होतं यांना?

उपाय सोपा होता. औषध सोडायचं नाही, नुसतं डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच घ्यायचं. त्यानं सगळ्यात बारीक कानस काढली, तलम कागद पसरला आणि सोन्याला कधी केली नसेल इतक्या हळुवारपणे गोळी घासली. भुकटी काट्यावर दहा मिलीग्रॅम भरली. ती जिभेवर ठेवली आणि उरलेली गोळी हिऱ्यांच्या पुडीत बांधून ठेवली. एका गोळीत तेरा दिवस निघणार होते. घरात तो कुणाला काही बोलला नाही. चूक कारखान्याची असली तरी कुणाची बेअब्रू करणं त्याला आवडत नसे.

पहिले तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी त्यानं मान वळवली आणि डोक्यात झर्रकन काहीतरी चमकून गेलं. पुन्हा वळवली, पुन्हा झर्र. सोनारानं तडक वायरमनला बोलावलं.

वायरमननं दिवा तपासला, बटणं उघडली, भिंतीतल्या तारा काढून परत घातल्या. "सगळं ठीक आहे, काका. शॉक नेमका बसतो कुठं?"

"डोक्यात."

"दिव्याला हात लावला की?"

"नाही. मान वळवली की."

वायरमननं पाने-पक्कड पिशवीत भरली. "डोक्याचं अर्थिंग आम्ही करत नाही," म्हणाला आणि निघून गेला.

सहाव्या दिवशी एक आजीबाई तुटलेलं कानातलं घेऊन आल्या. अडकवायचा फासा झिजून गेला होता. "नवऱ्यानं केलं होतं पहिल्या पगारात," एवढंच त्या म्हणाल्या. सोनारानं भिंगातून तो झिजलेला फासा पाहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. आजीबाईंनी घाबरून त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवरा चांगला जिवंत आहे, घरी पेपर वाचतोय, असं परोपरीनं सांगितलं. सोनार हुंदके देतच जिना चढून वर पळाला.

"अगं, रडलो! रडलो मी!"

"अगं बाई! काय झालं?"

"काही नाही झालं! काही न होता रडलो!"

बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. सोनार मात्र फार वर्षांनी इतका खूश होता. हातही आहे आणि डोळेही आले, काट्यानं दोन्ही मिळवून दिलं, असं त्याला वाटलं. पण त्याला हवे होते दोन अश्रू, आणि इथे धरणच फुटलं. साबणाच्या जाहिरातीतलं बाळ हसलं म्हणून तो रडला. मोज्याचा जोडीदार सापडेना म्हणून रडला, आणि सापडल्यावर त्या दोघांची भेट झाली म्हणून पुन्हा रडला. आठव्या दिवशी जमीन बोटीसारखी हलायला लागली. नवव्या दिवशी सर्वज्ञानं "भावोजी, चेहरा उतरलाय" म्हटल्यावर सोनार त्याच्यावर असा खेकसला की सर्वज्ञ चहा न पिता गेला. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं. कुलूप चारदा बघून झालं, मग सातदा.

अकराव्या दिवशी तो लेकीच्या अंगठीत हिरे बसवत होता. पाच बसले होते. सहावा चिमट्यात धरला आणि हात थरथरला. त्यानं मनगट मेजावर टेकवलं. तरी थरथरला. त्यानं डाव्या हातानं उजवा हात धरला, तर दोन्ही थरथरायला लागले. हिरा टणकन उडाला.

तास दीड तास शोधाशोध चालली. बायकोनं मऊ झाडूनं जमीन झाडली, लेकीनं बॅटरी घेऊन मेजाखाली रांगत पाहिलं. राग विसरून आधीपासूनच चहाला येऊन बसलेल्या सर्वज्ञानं खुर्चीतून न उठता, पडलेली वस्तू कुठल्या कोनात उडते यावर सविस्तर माहिती दिली. हिरा शेवटी सर्वज्ञाच्याच विजारीच्या दुमडीत सापडला.

हिरा सापडला, पण सोनार जमिनीवरून उठला नाही. "माझा हात गेला," तो म्हणाला. "पोरीची अंगठी माझ्या हातून होत नाही आता." हे त्यानं इतक्या हळू सांगितलं की सर्वज्ञानंसुद्धा चहाचा कप खाली ठेवला.

लेकीला तेवढ्यात काट्याशेजारची पुडी दिसली. आत अर्धवट घासलेली गोळी आणि पांढरी भुकटी.

"बाबा, हे काय आहे?"

सोनारानं सगळं सांगितलं. पुरावा म्हणून आकडे लिहिलेला कागदही दाखवला. लेकीनं कागद वाचला आणि चपला घातल्या. बापानं काटा बरोबर न्यायचा हट्ट धरला. गाडीत तो काचेची पेटी मांडीवर घेऊन बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे पुसत होता.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचे कागद बाजूला करून काट्याला जागा दिली. सोनारानं त्यांना श्वास रोखायला सांगितलं आणि गोळी ठेवली.

"बघा. एकशे तीस. आणि तुम्ही लिहून देता दहा."

डॉक्टरीणबाईंनी रोखलेला श्वास सावकाश सोडला. "मला एक सांगा. दहा ग्रॅमची अंगठी आहे, बावीस कॅरेटची. तिच्यात सोनं किती?"

"नऊ ग्रॅम एकशे सहासष्ट मिलीग्रॅम," सोनार झोपेतसुद्धा सांगेल तसा म्हणाला.

"आणि बाकीचं?"

"बाकीची खोट. तांबं, चांदी. ती घालावीच लागते. नुसतं सोनं मऊ पडतं, दागिना उभा राहत नाही, म्हणून वजन वेगळं आणि कस..."

सोनाराचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"गोळीत औषध दहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी एकशेवीस पिठी. नाहीतर तुम्हाला ती चिमटीत धरता तरी आली असती का? पाकिटावर औषधाचं वजन लिहितात, गोळीचं नाही."

"म्हणजे मी रोज..." त्यानं मनात भागाकार केला आणि त्याचा चेहरा पडला. "पाऊण मिलीग्रॅम."

"जेमतेम. पूर्ण मात्रेवरून एका दिवसात तेराव्या हिश्श्यावर आलात. डोक्यातल्या विजा, चक्कर, रडू, हे सगळं त्याचं."

चाळीस वर्षं ज्या माणसानं शर्टाच्या बटणाचासुद्धा कस विचारला, तो गोळीचा कस बघायला विसरला होता. सोनाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, हे आमच्या धंद्यातल्या कुणाच्या कानावर घालू नका," एवढंच तो म्हणाला.

"नाही घालणार. पण ही गोळी सोडायचं तुमच्या मनात का आलं?"

त्यानं मिठाची गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "होतं असं काहींना. भीतीबरोबर बाकीचंही थोडं बोथट होतं. मला सांगितलं असतंत तर मात्रा बदलून पाहिली असती."

"तुम्ही विचारलं कुठं?"

"दर खेपेला विचारते. तुम्ही म्हणता, छान."

लेक खिडकीकडे बघून हसू दाबत होती.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गोळी म्हणजे जन्मठेप नाही. सोडता येते. पण पायरी पायरीनं, महिनोन् महिने घेऊन, आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान. काहींना उतरताना काहीच होत नाही, काहींना फार त्रास होतो. तुम्ही कशातले, ते मला आधी सांगता येत नाही. शिवाय उतरताना जुनी भीती परत आली की नुसता उतरण्याचा त्रास आहे, तेही बघावं लागतं. आत्ता तुम्ही सगळं एकत्र कालवून ठेवलंय. आता दोन वाटा आहेत. आजपासून पूर्ण गोळी परत सुरू केली तर बहुतेक दोनेक आठवड्यांत हात ताळ्यावर येईल. लग्न झालं की सावकाश उतरू. किंवा आहात तिथून थोडं वर येऊन आत्ताच उतरायला लागायचं. पण मग एकोणतीस दिवसांत हाताची खात्री मी देत नाही."

"आणि पूर्ण गोळी घेतली तर लग्नात रडू येईल?"

"त्याचीही खात्री देत नाही."

सोनारानं पारड्यावरची गोळी उचलून पाकिटात ठेवली. मग म्हणाला, "अंगठी दुसरा कुणीही करील. बापानं रडायला मात्र मीच लागतो. पूर्ण गोळी नको, बाई."

"बाबा," लेक म्हणाली. ती आता हसत नव्हती. "मी शाळेतून दहा मिनिटं उशिरा आले तर तुम्ही रस्त्याच्या टोकाशी उभे असायचात, घामानं थबथबलेले. मी मुक्कामाच्या सहलीला कधी गेले नाही. आवडत नाही म्हणून सांगायचे. तीन वर्षांपूर्वी मला बाहेरगावची नोकरी आली होती."

"कधी? मला नाही बोललीस."

"कशी बोलू? मी नाही म्हणून कळवून टाकलं. आत्ता त्या रविवारी लग्नाचं सांगायचं म्हणून जेवायला बसले तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. मी सांगणार, तुमची छाती धडधडणार, आपण दवाखान्यात पळणार, आणि तिथल्या बाकावर बसून मी म्हणणार की राहू दे, नाही जात मी. हे सगळं मी आठवडाभर मनात घोकलं होतं. आणि तुम्ही मीठ मागितलंत." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी आत जाऊन रडले, ते वाईट वाटून नाही. सुटले म्हणून. तुम्ही घाबरला नाहीत, म्हणून मला जाता येतंय, बाबा."

 सोनारानं आजवर गोळीनं काय नेलं तेच मोजलं होतं. काय दिलं, ते हाताच्या थरथरीपलीकडे त्यानं पाहिलंच नव्हतं. आपण लेकीवर माया करतो असं त्याला वाटत होतं, आणि ती बिचारी सहलसुद्धा न करता ती माया सोसत होती. तो काट्याच्या पेटीवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. आकडे वेडेवाकडे पळू लागले.

बऱ्याच वेळानं त्यानं डोकं वर केलं.

"बाई, खरं सांगा. हे रडू औषध कमी झाल्याचं, की माझं?"

डॉक्टरीणबाईंनी विचार केला. "सांगता येत नाही हो," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"कुणाचंही असू दे," लेक म्हणाली. तिनं त्याचे गाल आपल्या ओढणीनं पुसले. "लग्नातलं रडू मला आजच मिळालं. तिथं तुम्ही नुसते हसत उभे राहा. आता गोळी घ्या बघू."

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. लेकीनं पाकिटातून गोळी काढून बापाच्या तळहातावर ठेवली. सोनारानं ती न तोलता तोंडात टाकली, आणि वरून सगळं पाणी पिऊन टाकलं.